विश्लेषण : अमेरिकेत घरे धुऊन देणारे आजही दारोदार का फिरतात? कायदा कुणाच्या बाजूने?

थंडी सरली, की अमेरिकेतील उपनगरांत दारावरच्या बेल जास्त वाजू लागतात. दारात बहुधा एखादा तरुण असतो. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि वाक्य साधारण ठरलेले : 'शेजारचे घर धुतो आहोत, तुमच्याही छपरावर काळे डाग दिसले म्हणून आलो.' भिंती, छप्पर, खिडक्या, पन्हळी आणि अंगणातील फरशी धुऊन देणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी ही फेरी म्हणजे वर्षभराच्या धंद्याची बेगमी असते. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी मात्र तीच बेल धास्तीची असू शकते. सर्व काही मोबाइलवर मिळत असताना ही पद्धत टिकली कशी, गावांना ती बंद का करता येत नाही आणि ग्राहकाला कोणते संरक्षण आहे, हे समजून घेऊ या.

याच व्यवसायात दारोदार का फिरतात?

पहिले कारण म्हणजे गरज रस्त्यावरूनच दिसते. विमा विकणाऱ्याला आत कोण राहते, त्याला विमा हवा आहे का, याचा पत्ता नसतो. घर धुणाऱ्याला मात्र फाटकाबाहेरूनच भिंतीवरचे हिरवे शेवाळ, भरलेली पन्हळ आणि छपरावरचे काळे ओघळ दिसतात. त्यामुळे तो सरसकट सगळी दारे न ठोठावता नेमकी निवडून ठोठावतो.

दुसरे कारण अंतराचे. समजा, एका घराला दोन तास लागतात आणि दोन कामांच्या मध्ये अर्ध्या तासाचा प्रवास आहे. चार कामांत दीड तास गाडीत जातो. तीच चार घरे एका गल्लीत मिळाली, तर तो दीड तास, डिझेल आणि पाण्याच्या नळ्या गुंडाळण्या-उलगडण्याची मेहनत वाचते. म्हणून जाणते व्यावसायिक अनोळखी वस्तीत भटकत नाहीत. एक काम सुरू असतानाच शेजारच्या आणि समोरच्या घरांकडे जातात. निम्मी धुतलेली भिंत ही त्यांची सर्वांत चांगली जाहिरात असते.

तिसरे कारण भांडवलाचे. प्रेशर वॉशर काहीशे डॉलरना मिळतो. शिडी, नळी आणि जुना ट्रक असला की धंदा सुरू होतो. नवख्याकडे जाहिरातीला पैसा नसतो, पाय मात्र असतात.

मग फोन आणि इंटरनेटचे काय?

फोनचा रस्ता बराच अरुंद झाला आहे. अमेरिकेत 2003 मध्ये 'डू नॉट कॉल' नोंदवही सुरू झाली. आज तिच्यात 20 कोटींहून अधिक क्रमांक आहेत. या क्रमांकांवर विक्रीसाठी फोन करणे सर्वसाधारणपणे बेकायदा ठरते.

पत्रकांनाही अडचण आहे. अमेरिकेत घराबाहेरची टपालपेटी टपालासाठी राखीव आहे. तिकीट न लावता त्यात जाहिरातीचे पत्रक टाकणे हा संघराज्याच्या कायद्यानुसार दंडनीय गुन्हा आहे. म्हणूनच दाराच्या मुठीला अडकवायची भोक पाडलेली पत्रके तिथे सर्रास दिसतात.

उरले इंटरनेट. ग्राहकांची चौकशी लहान व्यावसायिकांना विकणारी अनेक संकेतस्थळे आहेत. प्रत्येक चौकशीमागे पैसे मोजायचे, काम मिळो वा न मिळो. 'होमअ‍ॅडव्हायझर' या अशाच मोठ्या कंपनीने चौकशींच्या दर्जाबद्दल व्यावसायिकांची दिशाभूल केल्याचा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने (एफटीसी) 2022 मध्ये केला. जानेवारी 2023 मधील आदेशानुसार कंपनीला 72 लाख डॉलरपर्यंत रक्कम देणे भाग पडले. अशा चौकशींवर हात पोळलेल्या व्यावसायिकाला दार ठोठावणे स्वस्त वाटले, तर नवल नाही.

थोडक्यात, फोनसाठी देशव्यापी नकारयादी आहे, दारासाठी तशी यादी नाही.

गावांनी बंदी घालायचा प्रयत्न केला नाही का?

केला आणि तो बराच जुना आहे. वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर हे रेल्वे कामगारांचे गाव. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपत आणि विक्रेते त्यांची झोप मोडत. 1931 मध्ये गावाने न बोलावता दारात येणाऱ्या विक्रेत्यांवर बंदी घातली. ब्रश विकणारी प्रसिद्ध 'फुलर ब्रश' कंपनी कोर्टात गेली, पण 1933 मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. पुढे अनेक गावांनी हा नियम उचलला आणि अशा नियमांना 'ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स' हे नावच पडले. 1951 मध्ये मासिकांच्या वर्गण्या गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या खटल्यात (ब्रेअर्ड विरुद्ध अलेक्झांड्रिया) सर्वोच्च न्यायालयानेही अशी बंदी वैध ठरवली.

त्याच वेळी दुसरा विचारही आकार घेत होता. ओहायोतील स्ट्रदर्स या कारखान्यांच्या गावातही दिवसा झोपणारे कामगार होते. तिथे बेल वाजवून पत्रके देण्यावर बंदी होती. 1943 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका धर्मप्रचारक महिलेच्या खटल्यात ती रद्द केली. दारात कुणाला येऊ द्यायचे हे घरमालकाने ठरवावे, गावाने सगळ्यांच्या वतीने ठरवू नये, हे त्यामागचे सूत्र होते. 2002 मध्ये ओहायोतीलच स्ट्रॅटन गावाचा परवान्याचा नियमही आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरला.

पण हे दोन्ही खटले धर्मप्रचाराचे होते. स्ट्रॅटनच्या निकालात न्यायालयानेच सूचित केले, की नियम फक्त व्यापारी विक्रीपुरता असता, तर विचार कदाचित वेगळा झाला असता. मग विक्रेत्याचे काय?

विक्रेत्यांच्या बाबतीत कायदा कुठवर आला आहे?

कोलोरॅडोतील कॅसल रॉक गावाने व्यापारी विक्रेत्यांना संध्याकाळी 7 नंतर दार ठोठावायला मनाई केली होती. 'अ‍ॅप्टिव्ह' या कीटकनियंत्रण कंपनीने त्याला आव्हान दिले. नोकरदार घरी परततात ती वेळच हातची जाते, असे तिचे म्हणणे होते. या मनाईमुळे गुन्हे कमी होतात किंवा लोकांच्या खासगीपणाचे खरोखर रक्षण होते, हे गाव दाखवू शकले नाही, असे म्हणत अपील न्यायालयाने 2020 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हे न्यायालय होते तेच, दहाव्या सर्किटचे. 1933 मध्ये ब्रशवाल्याला घरी पाठवणाऱ्या न्यायालयाने 87 वर्षांनी फवारणीवाल्याला संध्याकाळची वेळ मिळवून दिली.

या दोन निकालांच्या मध्ये व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे मर्यादित संरक्षण आहे, हे तत्त्व 1970 च्या दशकापासून रुजले होते. म्हणून आज गावे सरसकट बंदीपेक्षा नोंदणी, ओळखपत्र, पार्श्वभूमी तपासणी आणि वेळेची मर्यादा यांवर भर देतात. हे नियम गावागणिक बदलतात. आणि 'विक्रेत्यांना मनाई' अशी पाटी घरमालकाने लावली असेल, तर ती ओलांडून बेल वाजवणे अनेक गावांत दंडाला पात्र ठरते.

म्हणजे निर्णय गावाच्या सभागृहातून घराच्या चौकटीपाशी सरकला आहे. तत्त्व म्हणून ते चांगले आहे. पण त्यामुळे भारही एकेकट्या घरमालकावर पडतो. जो ठामपणे 'नको' म्हणू शकतो त्याला त्रास नाही, ज्याला ते जमत नाही तो सापडतो.

ग्राहकाला संरक्षण कोणते?

मुख्य आधार आहे एफटीसीच्या 'कूलिंग ऑफ' नियमाचा. 1974 पासून लागू असलेल्या या नियमानुसार घरी झालेला 25 डॉलर किंवा त्याहून अधिकचा सौदा ग्राहक कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कारण न देता रद्द करू शकतो. शनिवार कामकाजाचा दिवस धरला जातो, रविवार आणि संघराज्याच्या सुट्ट्या धरल्या जात नाहीत. विक्रेत्याने या हक्काची तोंडी माहिती द्यायची असते. नाव-पत्ता असलेला करार किंवा पावती आणि रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती द्यायच्या असतात. सौदा रद्द झाल्यास कामकाजाच्या 10 दिवसांत पैसे परत करायचे असतात. हा हक्क सोडल्याची सही ग्राहकाकडून घेता येत नाही.

एक तरतूद तिथल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. विक्रीची बोलणी प्रामुख्याने ज्या भाषेत झाली, त्याच भाषेत करार असायला हवा. स्पॅनिश हे नियमातले उदाहरण आहे, पण नियम एका भाषेपुरता नाही.

मेख इथे आहे. झाडू परत करता येतो, धुतलेली भिंत परत करता येत नाही. 'यंत्र इथेच आहे, आत्ताच करून टाकतो' म्हणत काम तासाभरात उरकले, की तीन दिवसांच्या हक्काचा व्यवहारात फारसा उपयोग उरत नाही. या धंद्यातील बहुतेक तक्रारींची वाट या 'आत्ताच'मधून जाते. आधीच्या कामाचे साहित्य उरले आहे म्हणून स्वस्तात करून देतो, आजच ठरवा, पूर्ण पैसे आधी आणि रोख द्या, या बोलण्यांबद्दल एफटीसी ग्राहकांना सावध करत आली आहे.

चुकीच्या धुलाईने नुकसान होते का?

होते. डांबरी शिंगलच्या छपरावरचे काळे ओघळ म्हणजे धूळ नव्हे, बहुधा 'ग्लिओकॅप्सा मॅग्मा' नावाच्या सूक्ष्मजीवांची वाढ असते. जोराच्या फवाऱ्याने ती निघते, पण सोबत शिंगलवरचे संरक्षक दाणेही निघतात आणि छपराचे आयुष्य घटते. छप्पर-उत्पादकांची संघटना प्रेशर वॉशर वापरू नका असेच सांगते. ब्लीच आणि पाण्याचे मिश्रण लावून थोडा वेळ ठेवावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे, ही तिची शिफारस आहे. ब्लीच खाली झाडांवर पडते, म्हणून झाडे आधी आणि नंतर पाण्याने भिजवावी लागतात.

दारात आलेल्याची पारख याच प्रश्नांनी होते. छप्पर कसे धुणार? झाडांचे काय कराल? नुकसान झाले तर विमा आहे का? ज्याला काम येते तो थांबून उत्तर देतो. ज्याला येत नाही तो सवलत वाढवतो.

दार ठोठावणाऱ्याचा धोका कोणता?

तोही कमी नाही. एप्रिल 2023 मध्ये कॅन्सस सिटीत 16 वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा भावंडांना आणायला गेला आणि चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली. आतल्या 84 वर्षांच्या घरमालकाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. तो विक्रेता नव्हता, पण अनोळखी दारापुढे उभे राहण्यात कोणती जोखीम आहे आणि ती कुणाला जास्त आहे, हे त्या घटनेने देशाला दाखवले.

त्यामुळे बेल वाजवून चार पावले मागे उभे राहणे, कंपनीचे नाव असलेला शर्ट घालणे, अंधार पडल्यावर न जाणे, हे या धंद्यातील शिष्टाचार दोन्ही बाजूंच्या सुरक्षिततेचे आहेत. कॅमेऱ्याच्या बेलमुळे आता दार न उघडताही बोलणे होते. प्रामाणिक विक्रेत्याला त्याची तक्रार असू नये.

महाराष्ट्रात असे चित्र का दिसत नाही?

कारण शहरांत भिंतीचा बाहेरचा भाग एकट्याचा नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत बाह्य भिंती, गच्ची, पाण्याच्या टाक्या यांची देखभाल आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी असते. सदनिकाधारकाने 'हो' म्हटले तरी इमारत धुतली जात नाही. व्यवस्थापन समितीकडे दरपत्रके जातात. शिवाय 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' ही पाटी दारावर नाही, फाटकावरच असते. अमेरिकेत जो निर्णय घरमालकाचा झाला, तो आपल्याकडे समिती आणि सुरक्षारक्षक घेतात. त्यात रहिवाशांना निवांतपणा मिळतो, पण ओळख नसलेल्या नव्या व्यावसायिकाला पहिले काम मिळवणे कठीण होते.

मग यातून काय दिसते?

दार ठोठावणे कायदेशीर राहील, असाच निकालांचा कल आहे. त्यामुळे फसवणूक रोखण्याचा भार बंदीवर टाकता येणार नाही, तो सौद्याच्या पद्धतीवरच टाकावा लागेल. त्यासाठी सर्वांत साधा उपाय विक्रेत्याच्याच हातात आहे : आज दर लेखी द्यायचा आणि कामाची तारीख तीन दिवसांनंतरची ठेवायची. ग्राहकाला विचार करायला, शेजाऱ्याला विचारायला आणि मुलाला फोन करायला वेळ मिळतो. काही सौदे त्यात निसटतील. पण घरे दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा मळतात आणि त्याच गल्लीत पुन्हा जायचे असते. ज्याला पुढच्या वर्षी तीच बेल वाजवायची आहे, त्याला हे तीन दिवस महाग पडत नाहीत.