स्टार्टरवरचे तीन दिवे

आपल्या होस्टेलवर सध्या एक साथ आली आहे. डेंग्यूची नव्हे, डेस्कटॉप सजवण्याची! कुणी लिनक्सवर पॉलीबार लावतो, कुणी कॉन्की, विंडोजवाले रेनमीटर. स्क्रीनच्या कडेला एक पट्टी येते आणि तिच्यावर प्रोसेसर किती टक्के, तापमान किती, नेटचा स्पीड किती, गाणं कुठलं चालू आहे, सगळं धावत असतं. रूमवर आलेला प्रत्येक जण म्हणतो, "भारी रे!"

मीही दोन रात्री जागून अशी पट्टी केली होती. चौदा गोष्टी होत्या तिच्यावर. बाहेरचं हवामानसुद्धा! खिडकी हाताच्या अंतरावर असताना...

मग आली प्रोजेक्ट रिपोर्टची रात्र. पहाटे तीनला सेव्ह केलं, एरर आला, आणि पुन्हा उघडली तर फाईल शून्य बाइटची. डिस्क गच्च भरली होती. चौदा गोष्टींमध्ये 'डिस्कवर जागा किती उरली' ही एकच नव्हती. चूक सर्वस्वी माझी. सबमिशनच्या दिवशी सरांसमोर कसा उभा राहिलो, ते न विचारलेलंच बरं.

दिवाळीत घरी गेलो. माझं कर्जत म्हणजे मुंबईजवळचं नव्हे हं, नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून अहिल्यानगर). आमचा भाग पर्जन्यछायेचा, सगळी भिस्त विहिरीवर आणि मोटरीवर. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. त्या रात्री आबांबरोबर मळ्यात गेलो होतो. लाईट यायला वेळ होता म्हणून लॅपटॉप उघडला. आबांनी पट्टीकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यातलं काय बिघडलं तर तू उठून काय करतो?"

मला उत्तरच देता येईना.

लाईट आली. आबांनी बॅटरी मारून स्टार्टरची पेटी बघितली. तीन फेजचे तीन दिवे, एक व्होल्टमीटर, एक अँपिअर मीटर. बस्स! एक दिवा गेला म्हणजे एक फेज गेली, मोटर चालू करायची नाही. व्होल्टेज पडलं की मोटर करंट जास्त ओढते, वाइंडिंग जळू शकतं, म्हणून थांबायचं. चालू मोटरीचा अँपिअरचा काटा एकदम खाली आला की विहिरीने तळ गाठला, बंद करायची. पेटीवरच्या प्रत्येक गोष्टीमागे एक काम ठरलेलं आहे. शोभेचं काहीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पट्टीलाही हाच नियम लावावा. जे बघून आपण उठून काहीतरी करणार, तेच ठेवावं.

माझ्या पट्टीवर आता पाचच गोष्टी आहेत. पहिली, डिस्कवर उरलेली जागा. दुसरी, बॅटरी, १५ टक्क्यांखाली गेली की लाल. तिसरी, मेमरी. इथे बरेच जण फसतात. लिनक्स मोकळी मेमरी पडून देत नाही, डिस्कवरून वाचलेला डेटा तिथे साठवून ठेवतं आणि गरज पडली की ती जागा सोडतं. त्यामुळे 'फ्री'चा आकडा बघून उगाच घाबरायला होतं. बघायचा तो 'अव्हेलेबल'. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून तो थेट मिळतो. चौथी, लोड ॲव्हरेज. चार कोअरच्या मशीनवर हा आकडा चार म्हणजे साधारण सगळे कोअर कामात. सारखा आठ-दहा दिसला तर कुठला प्रोग्रॅम अडकलाय ते शोधायचं. पाचवी, घड्याळ, कारण मेसची वेळ चुकवून चालत नाही!

आणखी एक. पट्टी दर सेकंदाला ताजी करायची गरज नसते. दर वेळी दहा कमांड चालवणारी स्क्रिप्ट प्रोसेसरला झोपू देत नाही, म्हणजे बॅटरी दाखवणारी पट्टीच बॅटरी खाते. मी मध्यांतर दहा सेकंदांचं ठेवलंय, डिस्कसाठी तर पाच मिनिटं.

कुणी म्हणेल, "अरे, हौस म्हणून काही असतं की नाही?" जरूर असावी. ती पट्टी करतानाच मी स्क्रिप्ट लिहायला शिकलो, हे नाकारत नाही. वॉलपेपर हवा तेवढा रंगीत ठेवा. पण सगळंच चमकायला लागलं की लाल झालेला आकडा डोळ्यांना दिसतच नाही.

ता. क. होस्टेलचा नोटीस बोर्ड हीसुद्धा एक पट्टीच आहे. गॅदरिंगची जुनी पोस्टरं, हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी... आणि या सगळ्याखाली 'उद्या पाणी येणार नाही'. रेक्टर सर, तुम्हीही एकदा स्टार्टरची पेटी बघाच!