लांब पल्ल्याचे काडतूस शिवारात नको

रानडुकरे आणि रोही पिकाची नासाडी करतात, म्हणून शेतकऱ्यांना लांब मारणाऱ्या रायफलींचे परवाने द्या, असे आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागात बोलले जाते. मीही शेतकरी आहे. एका रात्रीत लोळवलेली तूर मी पाहिली आहे. तरीही माझा या मागणीला विरोध आहे.

काडतूस कामाप्रमाणे घडवलेले असते. लष्कराची 7.62 ची गोळी सेकंदाला सुमारे 840 मीटर वेगाने सुटते. तिच्यावर पूर्ण धातूचे कवच असल्याने ती जनावरातून सहज आरपार जाते. .338 लापुआ मॅग्नम हजार मीटरच्याही पलीकडच्या शत्रूसाठी आहे. 2007 साली आलेले 6.5 क्रीडमूर दूरच्या निशाणावरच्या नेमबाजीसाठी बनले, पण त्या निशाणामागे मातीचा बांध असतो. आमच्या सपाट शिवारात मागे असतो पलीकडच्या वावरात जागलीला बसलेला माणूस, नाहीतर गोठा.

शिकारीला मऊ टोकाची गोळी लागते. ती अंगात फुलते, तिचा जोर तिथेच खर्च होतो आणि जनावर तडफडत नाही. अशाच फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला 1899 च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली. म्हणजे फौजेला चालते ते रानात चालत नाही आणि रानात लागते ते फौजेला चालत नाही. लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध, म्हणून आपल्याकडे .315 रूढ झाले. पण नेम चुकला तर त्याचीही गोळी किलोमीटरच्या पुढे जाते, टोक मऊ असले तरी.

बारा बोअरचे छर्रे चाळीस मीटरपलीकडे डुकराला नुसते जखमी करतात आणि जखमी डुक्कर माणसावर येते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय जवळ बसण्याचा आहे. धुऱ्यावरच्या मचाणावरून तीस मीटरच्या आत, खाली रोखून मारले, तर चुकलेला बार मातीत जातो. रात्री बॅटरीच्या उजेडात दूरचे डुक्कर आहे की वासरू, हे तरी कुठे ओळखू येते? 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या बोराटीत नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली, तीही गाडीतून, जवळून. त्या गोळीवरून वाद पुष्कळ झाले, पण पल्ला कमी पडला असे कोणी म्हटले नाही.

वनखात्याने डुक्कर-रोही मारण्याच्या परवानगीपत्रात बंदुकीचा प्रकार, अंतर आणि मचाण या तिन्ही अटी लिहाव्यात आणि पिकाची भरपाई पुढच्या पेरणीआधी द्यावी.

— एक शेतकरी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ