चंदा गोळा करण्याआधी सेठला विचारा

विम्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच हलाल-हरामवर जाते. त्या वादात मला आज पडायचे नाही. माझा सवाल साधा आहे. भिवंडीत लूमवर बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाचे ईएसआय कार्ड कुठे आहे?

ही योजना 1948 च्या कायद्याने आली आणि दहा कामगार असलेल्या कारखान्याला ती लागू होते. पूर्वी मालक-कामगारांची मिळून वर्गणी पगाराच्या 6.5 टक्के होती. जुलै 2019 पासून ती 4 टक्क्यांवर आणली. त्यात मालकाचे 3.25 आणि कामगाराचे 0.75. म्हणजे 15,000 पगारावर सेठचे महिन्याला 487 रुपये 50 पैसे. त्यात कामगार, बायको-मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचा इलाज होतो. जुना आजार म्हणून नकार नाही. कामगार आजारी पडून घरी बसला, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो.

एवढी रक्कम वाचवायला एकाच शेडमधले लूम बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावावर वाटले जातात. प्रत्येक नावावर आठ कामगार. हजेरीपुस्तक नसतेच.

ज्यांच्याकडे कार्ड आहे, त्यांना सरकार दुसऱ्या टोकाने बाहेर काढते. 1 जानेवारी 2017 ला पगाराची मर्यादा 21,000 झाली आणि पुढे महागाई वाढत गेली तरी वर्षानुवर्षे तीच राहिली. पुण्यातल्या कंपनीत लागलेल्या पोराचा पगार 21,500 झाला, की चालू सहामाही संपताच कार्ड बंद. मग कंपनीची ग्रुप पॉलिसी, असली तर. तिचा भाव दरवर्षी नव्याने ठरतो. गेल्या वर्षी क्लेम जास्त झाले, की हप्ता वाढतो. मग बहुतेकदा पहिली कात्री आईवडिलांवर चालते, नाहीतर त्यांचा हप्ता पोराच्या पगारातून जातो. नोकरी गेली की पॉलिसीही गेली.

सेठ म्हणतात, ईएसआयच्या दवाखान्यात रांगा असतात, औषधे नसतात. रांगा असतात, खरे आहे. डिसेंबर 2018 मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसे मेली, तेही खरे. पण त्या दवाखान्यावर मोर्चा न्यायला आधी हातात कार्ड तर हवे!

ते नसते म्हणून कामगाराच्या ऑपरेशनसाठी जुम्म्याच्या नमाजनंतर चादर फिरते. पहिली मोठी नोट सेठच टाकतात आणि आपण त्यांना दुआ देतो. मजुरीबद्दलची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे (सेठनाही). मग मजुराचे कायदेशीर देणे बुडवून उरलेल्या पैशातली नोट खैरात कशी ठरते? हा प्रश्न मशिदीच्या ट्रस्टींनी सेठला चादर पसरण्याआधी विचारावा. आणि रमजानमध्ये जकातीचा हिशोब मांडताना सेठनी वहीत एक आकडा आणखी लिहावा: माझ्या शेडमध्ये दोन्ही पाळ्यांत मिळून खरी किती माणसे उभी असतात.