घोडे सव्वादोनशे, कागद एकही नाही

सध्या आपल्या बॉईज हॉस्टेलवर एक साथ आलीये. मेसमध्ये, लॅबच्या रांगेत, व्हायवाच्या बाहेर, जिथे बघावं तिथे विषय एकच: जुनी ऑक्टाव्हिया! दहा-बारा वर्षांची १.८ टीएसआय, चौघांनी मिळून घ्यायची, आणि तीसुद्धा साधी नाही, 'स्टेज वन' मारलेली. नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात सव्वादोनशे घोडे. एका फायनल इयरच्या दादांनी तर घरी फोन करून "प्रोजेक्टसाठी लागतात" असं सांगितल्याचंही कानावर आलंय (नाव सांगणार नाही, काळजी नसावी).

मी मेकॅनिकलची. घर बिडकीनलाच. आणि माझ्या मामांचं पैठण रोडवर गॅरेज आहे. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. भाषा जरा सांभाळून घ्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी फक्त मराठीच्या तासालाच बोलायची परवानगी होती, त्यामुळे टॉर्कला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. "परदेशी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, मारुती घ्या" असं आपले काही सर म्हणतात, ते मला पटत नाही. ऑक्टाव्हिया परदेशी कसली? ती आपल्या शेंद्र्याची! २००१ साली स्कोडाने शेंद्र्याला गाड्या जोडायला सुरुवात केली तीच मुळी ऑक्टाव्हियाने. २०१७ साली आलेली २३० घोड्यांची आरएससुद्धा इथलीच. मग २०२० ची आरएस २४५ बाहेरून तयार आणली, फक्त २०० गाड्या. २०२३ मध्ये ऑक्टाव्हिया भारतातून गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएस परत आली, तीही आयात, १०० च गाड्या, जवळजवळ ५० लाखांना. म्हणजे काय, की ज्याला ही गाडी परवडणाऱ्या पैशात हवीय त्याला सेकंडहँडच बघावी लागणार. आणि सेकंडहँड बाजारात धडधाकट, हात न लावलेली गाडी दिवसेंदिवस कमी होतेय. जी चांगली पळते तिच्यात कोणीतरी काहीतरी केलेलंच असतं.

आता 'स्टेज वन' म्हणजे काय? नट-बोल्टला हात न लावता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा. टर्बो जास्त दाब देतो, पेट्रोल जास्त जातं, स्पार्क लवकर पडतो. 'स्टेज टू' म्हणजे त्याच्यापुढे डाउनपाइप, इनटेक वगैरे. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास घोडे वाढतात. फुकट वाटतात. पण कुठून आले ते?

पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसचं उदाहरण घ्या. १.८ लिटर, टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. हे इंजिन युरोपातल्या आरएसमध्ये १८० घोडे द्यायचं, आपल्याकडच्या आरएसमध्ये १५०. "कंपनीने आपल्याला फसवलं, ३० घोडे लपवून ठेवले" असं आमच्या वर्गात अजून म्हणतात. मला वाटतं, लपवले नाहीत, राखून ठेवले. आपलं साधं पेट्रोल, आपली धूळ, मे महिन्यात ४२ डिग्री, आणि दहा हजारऐवजी वीस हजारला ऑइल बदलणारे आपण! डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून सहा मार्क घेतो, आणि रस्त्यावर तोच फॅक्टर दिसला की म्हणतो, हे तर फुकट पडून आहे, वापरून टाकू.

तरीही माझं भांडण रिमॅपशी नाही. हे नीट वाचा. स्वतःची गाडी, तिची पहिल्या दिवसापासूनची हिस्टरी माहीत, नीट करणाऱ्याकडून केलंय, त्याप्रमाणे ऑइल आणि प्लग लवकर बदलताय, तर ती गाडी वर्षानुवर्षं चालते. चालवणारे आहेत. माझं भांडण आहे ते दुसऱ्याने मॉडिफाय केलेली, तिसऱ्याने झोडपलेली आणि चौथ्याने पॉलिश मारून विकायला काढलेली गाडी "रिलायबल आहे" म्हणून घेण्याशी.

थर्ड इयरला मायनरचा नियम शिकलो ना? प्रत्येक ताणाच्या पातळीला पार्टचं एक आयुष्य असतं. त्यातले जेवढे फेरे वापरले तेवढा भाग संपला. सगळ्या भागांची बेरीज एक झाली की पार्ट गेला. नवीन गाडीत ही बेरीज शून्य असते. एका मालकाच्या, न छेडलेल्या गाडीत किलोमीटरवरून अंदाज तरी येतो. पण आधीच्या मालकाने रिमॅप मारून दोन वर्षं प्रत्येक सिग्नलला लाँच मारला असेल तर बेरीज ०.३ आहे की ०.८, हे देवालाच ठाऊक. ताण नुसता दहा टक्के वाढला आणि एस-एन कर्व्हचा उतार सात धरला, तर १.१ चा सातवा घात करून बघा. जवळजवळ दोन येतो. म्हणजे आयुष्य निम्मं. आणि ओडोमीटरवर यातलं काहीही दिसत नाही.

आता नेमकी आपल्या पोरांची आवडती गाडी बघू: २०१३ नंतरची १.८ टीएसआय, १८० घोडे, २५० न्यूटन-मीटर, सोबत सात गिअरचा डीएसजी. हा गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू २००. याचे दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत, आणि याची मर्यादाच २५० न्यूटन-मीटरची. गंमत बघा, जवळजवळ तेच इंजिन युरोपातल्या फोर बाय फोर ऑक्टाव्हियात ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला जोडलं, की कंपनी स्वतःच २८० देते. म्हणजे इंजिनला जमतं, गिअरबॉक्सला जमत नाही, म्हणून २५० ला कुंपण घातलं. स्टेज वन हे कुंपणच तोडतो. ३०० च्या पुढे टॉर्क नेतो आणि क्लच मात्र तेच ठेवतो.

हा गिअरबॉक्स मूळ अवस्थेतही नाजूक. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला एकट्या चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या डीएसजीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी नंतर जगभर याच बॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल घालायची मोहीम निघाली, कारण गरम, दमट हवेत मेकॅट्रॉनिकमध्ये इलेक्ट्रिकल बिघाड होत होते. आता तो बॉक्स महानुभाव आश्रम चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यात, ३०० न्यूटन-मीटरला रांगताना डोळ्यांसमोर आणा. मेकॅट्रॉनिक गेलं की बिल लाखाच्या वर जातं. चौघांत घेतलेल्या गाडीचं हे बिल कोण भरणार? चौघांची दोस्ती तिथेच संपते, हे मी लिहून देते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांच्या गॅरेजवर अशी एक पांढरी ऑक्टाव्हिया आली होती. रिव्हर्सला झटका, चढावर थरथर. मालक माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. विकणाऱ्याने "एकदम स्टॉक आहे" सांगितलं होतं. मामांनी स्कॅनर लावला, प्रोग्रॅम खरंच कंपनीचा निघाला. मग मामांनी खालून बघितलं. डाउनपाइप बाहेरचा! म्हणजे विकायच्या आधी सॉफ्टवेअर परत जुनं टाकलं, लोखंड काढायचा मात्र कंटाळा केला. मामा म्हणाले, "बाळ, माणूस खोटं बोलतोय, पण नट बोलत नाही. नटावर पान्याची खूण हायच बघ." पोराने सहा महिन्यांचा पगार घातला होता. मामांनी त्याच्याकडून तपासणीचे पैसे घेतले नाहीत, पण त्याने त्याचं काय होणार?

आमच्या गावात हे नवीन नाही. डीएमआयसीसाठी जमिनी गेल्या तेव्हा एकरी २३ लाखांचा दर होता, आणि बिडकीनच्या गल्लीत एकदम मोठाल्या गाड्या उभ्या राहिल्या. काही अजून आहेत. काहींच्या टायरखाली विटा आहेत. पैसा नवीन आणि गाडी जुनी असली की हिशेब कोणी विचारत नाही.

पेट्रोलचंही तेच. २०१६ साली मारलेला मॅप त्या दिवशीच्या पेट्रोलवर सेट केलेला. आज पंपावर ई-२० मिळतं. ऑक्टेन वाढला, नॉकिंगला ते बरंच. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. फुल थ्रॉटलला जुना मॅप आणि जुना पंप ते पुरवतात का, आणि दहा वर्षांचे रबरी पाइप इथेनॉलला टिकतात का, हे कोणी तपासलंय? ज्याने मॅप मारला तो तर गाडी विकून मोकळा झाला.

सगळे इंजिनचंच बोलतात. ब्रेकचं कोणी बोलत नाही. गाडी १४०० किलोची धरली तर १०० च्या वेगाला तिच्यात ५४० किलोज्यूल असतात, १४० ला साडेदहाशेच्या पुढे. वेग दीडपटसुद्धा नाही, आणि डिस्कने पचवायची उष्णता दुप्पट. पैठण रोडवर अंधारात, दिवे नसलेली, उसाची डबल ट्रॉली पुढे आली की स्टेज वन कामाला येत नाही. पॅड कामाला येतात. जुन्या मॉडिफाय गाडीत पैसा नेमका तिथेच घातलेला नसतो, कारण पॅडचा आवाज येत नाही आणि मुली वळून बघत नाहीत. (तशाही बघत नाहीत. आम्हाला तो फटफट आवाज अभ्यासाच्या वेळी नको असतो.)

कायदाही आठवून ठेवा. गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो. बदल कोणी केला हे सांगत बसायची वेळ तुमच्यावर येणार. इन्शुरन्सवाल्याला न सांगितलेला बदल अपघातानंतर सापडला तर क्लेम अडतो तो वेगळाच.

इतकं वाचूनही घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याकडे गाडीचा फोटो मागू नका, बिलं मागा. कोणी मॅप मारला, कधी, किती किलोमीटरला, टॉर्क किती दिला, क्लच बदलले का, ऑइल कोणत्या ग्रेडचं. "आठवत नाही" आलं की नमस्कार करून निघायचं. मग व्हीसीडीएस लावून क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन आणि तापमानाची नोंद वाचायची. क्लच किती वेळा तापला ते त्यात राहतं, पॉलिशने पुसलं जात नाही. जुन्या टीएसआय लॉरात टायमिंग चेनचा टेन्शनर बघायचा. तो ढिला पडला आणि चेन घसरली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन संपलं.

मामा रविवारी दुपारपर्यंत गॅरेजवर असतात. ज्यांना दाखवायचीय त्यांनी मला सांगा, मी सोबत येते. फक्त विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, गाडी रात्रभर उभी ठेव, सकाळी चालू करू नकोस. चेनचा खडखडाट थंड इंजिनवर पहिले दोन सेकंदच ऐकू येतो.