घरातले विज्ञान : बादलीभर पाण्याचा हिशेब

थंडी पडली की घरोघरी रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जातो, "पाणी तापलं का?" उत्तर मिळवायची आपली पद्धतही ठरलेली, बोट बुडवून पाहायचे. बादलीत विजेचा रॉड चालू असेल तर ही पद्धत जिवावर बेतू शकते. खरे तर पाणी किती तापले असेल, हे बोट न बुडवताही सांगता येते. त्यासाठी शाळेत शिकलेला एक गुणाकार पुरतो.

पदार्थाचे वजन, त्याची विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार केला की लागणारी उष्णता मिळते. यातला मधला शब्द जड वाटतो, पण त्याचा अनुभव स्वयंपाकघरात रोज येतो. सारख्याच आचेवर किलोभर पाणी आणि किलोभर तेल ठेवले, तर तेल जवळजवळ दुप्पट वेगाने तापते. एक किलो पदार्थ एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती त्याची विशिष्ट उष्माधारकता. ती पदार्थागणिक वेगळी असते, हे अठराव्या शतकात स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगांतून दाखवले. पाण्याला एक किलोकॅलरी लागते, खाद्यतेलाला सुमारे अर्धी, तर तांब्याला अवघी ०.०९. (आहाराच्या तक्त्यात आपण जिला नुसती 'कॅलरी' म्हणतो, तीच ही किलोकॅलरी.)

आता बादलीकडे वळू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दिल्लीच्या थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर आहे आणि अंघोळीला ४० अंशांचे हवे, असे धरू. वाढ झाली २५ अंशांची. २० लिटरच्या बादलीला २० × १ × २५ = ५०० किलोकॅलरी लागतील. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला ०.५८ युनिट, अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागली. १५०० वॅटचा रॉड मिनिटाला सुमारे २१.५ किलोकॅलरी देतो, तेव्हा वेळ लागेल २३ मिनिटे. थोडी उष्णता हवेत जाते, म्हणून एक-दोन मिनिटे जास्त धरा. मुंबईत नळाचे पाणी २५ अंशांवर असेल, तर हेच काम १४ मिनिटांत होईल.

खरी गोम पुढेच आहे. तोच रॉड, तीच २३ मिनिटे, पण बादली १० लिटरची असेल तर? वजन निम्मे झाले, म्हणून वाढ दुप्पट, ५० अंशांची. पाणी ६५ अंशांच्या आसपास पोहोचेल. एवढ्या गरम पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. रॉडला बादली लहान की मोठी हे कळत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते.

बाळाच्या अंघोळीचेही तसेच. बाळाला ३७-३८ अंशांचे पाणी पुरे. २० अंशांच्या ८ लिटर पाण्यात २ लिटर उकळते पाणी मिसळले, तर (८ × २०) + (२ × १००) = ३६०. त्याला १० ने भागले की ३६ अंश. पण साडेसात लिटर गार आणि अडीच लिटर उकळते घेतले, तर उत्तर ४० अंश येते. अर्धा लिटर, म्हणजे दोन पेले, इकडचे तिकडे झाले आणि चार अंशांचा फरक पडला! तांब्याच्या दोन किलो वजनाच्या घंगाळ्याने यात फारसा फरक पडत नाही. ते जेमतेम पावशेर पाण्याएवढी उष्णता घेते.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. रॉड लावताना पाणी मोजा आणि घड्याळाचा गजर लावा. वेळ झाली की बटण बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर ठेवा आणि मगच पाण्याला हात लावा. बाळाच्या टबात आधी गार पाणी घाला, मग गरम. नीट ढवळून कोपराने पाहा आणि त्यानंतरच बाळाला पाण्यात घ्या.

गणित कितीही बरोबर असले, तरी शेवटची खात्री कोपरानेच करायची. पण गणित आधी केले असेल, तर त्या कोपराला चटका बसणार नाही.