भगत कोणासाठी गाणार?

उल्हासनगर म्हटले की आपल्याला बाजार आठवतो. पण फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी ‘भगत’ ही लोककलाही सोबत आणली. पायघोळ झगा, पायांत घुंगरू; गाणे, नाच आणि कथा यांचा रात्रभर चालणारा मेळ! १९३९ साली हत्या झालेले संत कंवरराम हे तिचे थोर कलावंत. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण नातवंडांना भाषाच कळेनाशी झाली, तर भगत कोणासाठी गाणार? बँकेतल्या नोकरीत मी पाहिले आहे, शिल्लक कितीही असो, व्यवहार थांबलेले खाते निष्क्रिय ठरते. शाल-श्रीफळाने ते चालू होत नाही. घरातल्या बोलण्याने होते. अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांनीही आपले पासबुक एकदा तपासावे.