हायब्रीड मोटार : आधी ओळख, मग कौतुक



‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या खानदेशाला नवा नाही. हायब्रीड ज्वारी तुमच्या आजोबांनी पेरली असेल. 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून ‘संकर-4’ हे कपाशीचे वाण निघाले, तेव्हा हाच शब्द बांधाबांधावर बोलला जाऊ लागला. संकरित वाण देशी वाणासारखे वागवून चालत नाही, त्याचे खतपाणी वेगळे, हे शेतकऱ्याला लवकरच कळले. आता हा शब्द मोटारीला लागून भुसावळात आला आहे. जपानमध्ये टोयोटाची ‘प्रायस’ 1997 साली विक्रीस आली. आपल्याकडे 2022 मध्ये मारुती, टोयोटा आणि होंडा यांनी अशा गाड्या आणल्या आणि त्या गावोगावी दिसू लागल्या.

घरात अशी गाडी आली, की पेढे वाटले जातात, हार घातला जातो आणि माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. माझे स्पष्ट मत असे, की ती पिशवी तुम्ही मुलांनी फोडावी. मोठ्यांना गाडी चालवता येते, पण ही गाडी त्यांनाही नवीच आहे.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. बॅटरी घरी चार्ज करावी लागत नाही. मग तिच्यात वीज येते कोठून? “आपोआप तयार होते,” असे पुष्कळ लोक सांगतात. मित्रहो, आपोआप काहीही तयार होत नाही. या गाडीतील सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. तुम्ही विचाराल, मग फायदा तो काय?

याचे उत्तर रेल्वेच्या गावात परके वाटू नये. मुंबईला जाताना इगतपुरी सुटली, की कसारा घाट लागतो. 1930 च्या सुमारास या घाटात विजेची इंजिने आली. उतारावर मोटरने चाके फिरवायची नाहीत, तर चाकांनी मोटर फिरवायची, म्हणजे ती जनित्र बनते. गाडीला रोध होतो आणि वीज तारेत परत जाते. हायब्रीड मोटार हेच करते. फक्त तिच्या डोक्यावर तार नाही, म्हणून ती वीज बॅटरीत साठवते.

आता थोडे गणित. 1200 किलोग्रॅमची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 1,67,000 ज्यूल भरते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 3.2 कोटी ज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे एकदा एवढा वेग घ्यायला सोळा-सतरा मिलिलिटर, चहाचे तीन-साडेतीन चमचे पेट्रोल लागते. साध्या गाडीत ब्रेक दाबला, की ते तीन चमचे ब्रेक तापवण्यात जातात. हायब्रीड त्यांतला बराच भाग परत मिळवते, सगळा मात्र नव्हे.

म्हणून ही गाडी कोठे चालवता, याला महत्त्व आहे. जामनेर रोडच्या गर्दीत, जेथे दर शंभर पावलांवर रिक्षा आडवी येते, तेथे तिचा खरा गुण दिसतो. राष्ट्रीय महामार्ग 53 वरून एकसारख्या वेगाने नागपूरकडे निघालात, तर ब्रेकच लागत नाही. मग परत काय मिळवणार? तिचे इंजिन काटकसरी असल्याने थोडा लाभ तेथेही असतो. पण ज्यांचा सगळा प्रवास महामार्गावरच आहे, त्यांनी जास्तीची किंमत केव्हा वसूल होईल, हे आधी कागदावर मांडावे.

अजिंठ्याचा घाट फर्दापूरकडे उतरताना पडद्यावर बघा. बॅटरी भरत जाते आणि मग भरणे थांबते. अशा बॅटरीत साधारण एक युनिट किंवा त्याहूनही कमी वीज मावते. ती भरली, की पुढचा उतार इंजिनाच्या रोधावर आणि नेहमीच्या ब्रेकवर. हे चालकाला ठाऊक हवे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पेट्रोलची नाही. इंजिन बंद म्हणजे गाडी बंद नव्हे! ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल, तर अगदी शांत उभी असलेली गाडीही पेडल दाबताच पुढे जाईल. बंद गॅरेजमध्ये ती तशीच राहिली, तर इंजिन मध्येच सुरू होऊन विषारी धूर कोंडेल. गल्लीत ती मागून आलेली आजीला ऐकू येत नाही. अशा वेळी सावध राहण्याची जबाबदारी चालकाची, आजीची नव्हे.

आपल्या उन्हाळ्याबद्दलही एक सांगतो. पुष्कळ गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना त्या जाळीवर पिशवी किंवा टॉवेल ठेवू नका.

आणि पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तशीच भरा. 412 किलोमीटरनंतर 18 लिटर मावले, तर लिटरला सुमारे 22.9 किलोमीटर पडले. वहीत गावातला आणि महामार्गावरचा हिशेब वेगळा ठेवा. मेच्या पानावरचा आकडा डिसेंबरपेक्षा कमी निघाला, तर गाडी बिघडली असे समजू नका. गार हवेचे यंत्रही बहुधा त्याच बॅटरीवर चालते आणि ती भरण्यासाठी इंजिन रेल्वे फाटकाशी उभे असतानाही सुरू होते.